शंभर कोट

घड्याळं तासभर मागे सरकवतात त्या रात्री
मला आयता एक तास मिळाला, आणि त्याचं काय करावं सुचेना.
म्हणून पैज लावली, माझी माझ्याशी:
प्रयोगाच्या दर संध्याकाळी एक कोट, असे शंभर.
पडदा वर गेला की वीस मिनिटं.
खोडरबर घरी.
आणि आवडेल तो कोट नाही,
सगळ्यात उशिरा आलेल्या माणसाचा.

कौनासच्या नाट्यगृहात, जिन्याखाली,
माझ्या तीनशे बारा खुंट्या आहेत.
चौदा हिवाळे मी लोकांच्या पाठी मोकळ्या करते,
तळहातावर पितळी बिल्ला ठेवते
आणि नाटक भिंतीपलीकडून ऐकते:
हशा कळतो, कशावर ते कधीच नाही.

पहिला कोट ओल्या पोत्यासारखा उतरला.
दुसराही पोतंच, फक्त वाळलेलं.
सहाव्याला बाही जमली आणि मी इतकी फुगले
की सातव्याला तीन बाह्या झाल्या.
दिवे सांभाळणारा झिग्मास कागदावर वाकून म्हणाला,
"गेनोवाइते, माणसं काढ की. कोट काय, टांगलेलेच असतात."
मी म्हटलं, माणसं हलतात.
खरं कारण असं की माणसं नंतर कागद बघायला मागतात.

पंधराव्याच्या आसपास गंमत संपली.
ती संपली तरी वीस मिनिटं उरतातच.
मग बटाटे सोलावेत तशी पेन्सिल चालवायची.
बटाटे सोलताना कुठे आपण विचारतो,
आज मन लागतंय का म्हणून?

तेव्हा कुठे दिसायला लागलं.
डावखुऱ्याचा डावा खिसा लोंबतो.
शाळेतल्या बाईंच्या कोपराला खडू.
एकाच्या कॉलरमागे दोऱ्याने विणलेलं नाव,
वसतिगृहातल्या पोरांच्या कपड्यांवर असतं तसं.
गृहस्थ सत्तरीचा.
अडतिसाव्याची वरची गुंडी वेगळी, हिरवी.
ती काढताना दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं वाटलं
आणि तरी मी तिची चारही भोकं काढली.

जानेवारीत ताप. अकरा प्रयोग बुडाले.
परत आले तर वहीनं तोंड फिरवलेलं.
मोडला नेम, आता कसले शंभर,
असं म्हणत चार रात्री विणकाम केलं, तेही वाईट.
पाचव्या रात्री बर्फ झाडत एक म्हातारी आली.
खुंटीवर तिचा कोट
तिच्याच बाकाने उभा राहिला, जरा पुढे झुकून,
कमी ऐकू येणाऱ्यासारखा.
पंचेचाळिसावा.
बुडालेल्यांचा हिशेब मी मांडलाच नाही.

मे उजाडला. लिंडेनला पालवी आली
आणि लोक हात हलवत थेट आत जाऊ लागले.
एक्क्याण्णववर गाडी अडली.
तीनशे बारा खुंट्या, एक विसरलेली छत्री, मी.

वीस मिनिटं मात्र आली, ठरल्या वेळी.
मी दोनशे चार नंबरची खुंटी काढायला घेतली
तर तिच्यामागे भिंतीवर दिसला
एक काळपट, तेलकट खांदा.
शेजारी दुसरा. ओळीनं सगळे.
चौदा हिवाळ्यांचे कोट रंगाला घासून घासून
तिथेच राहिले होते, माझ्या नाकासमोर.
झिग्मास म्हणाला, "हे पैजेत बसतं?"
"पैज कुणाशी आहे?" मी विचारलं.
तो दिवे लावायला गेला.

अठ्ठ्याण्णव झाले आणि हंगाम संपला.
नाट्यगृहाला कुलूप, भिंतीला नवा रंग द्यायचा म्हणे.

आता घरी, सात वाजले की
हात टेबलावर चाचपतो. अंगवळणी पडलंय त्याच्या.
उरलेले दोन मी ठेवून दिलेत,
ऑक्टोबरात कुणीतरी उशिरा येईलच.
तोवर किटली काढते.
काल तिची बाही जमली.